कॉलेजच्या लॅबमधलं मशीन: समोर बसून आणि घरून

स्क्रीन काळा आहे, माऊस हलवून काही होत नाही, म्हणून पीसीचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरायचं. घरच्या कॉम्प्युटरवर हे चालतं. कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये मात्र खुर्ची रिकामी असली तरी मशीन रिकामं असेलच असं नाही. हॉस्टेलमधून, घरून दोघं-तिघं त्याच मशीनवर एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय) आत असतात आणि कोणाचं तरी रात्रभर चाललेलं मशीन लर्निंगच्या मॉडेलचं ट्रेनिंग त्या एका बटणासरशी जातं. आधी मॉनिटरचं स्वतःचं बटण बघा, मग त्याची केबल. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं, तर मशीन जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स अडकलंय. तेही आलं नाही तर लॅब असिस्टंटना सांगा. बटण दाबायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची, कॅपिटल असेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘डॅश’ म्हणजे वजाचं चिन्ह; त्याच्या आधी स्पेस, नंतर नाही.

लॉगिनच होत नाही

पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणत असेल तर कॅप्स लॉक बघाच, पण आपल्याकडच्या लॅबमध्ये कीबोर्डचा लेआउटही बघा. आधीच्या मुलाने मराठी इनस्क्रिप्ट चालू ठेवलं असेल, तर पासवर्डच्या ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरं जात असतात आणि ठिपके सारखेच दिसतात. लॉगिन स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, तिथून इंग्रजी करा. तीन-चार वेळा चुकल्यावर थांबा. पुष्कळ ठिकाणी ठरावीक प्रयत्नांनंतर अकाउंट काही वेळ बंद होतं आणि तोपर्यंत बरोबर पासवर्डही चालत नाही.

दुसरा प्रकार जास्त गोंधळात पाडतो. पासवर्ड घेतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिन स्क्रीनच येतो. मुलं दुसऱ्या मशीनवर जाऊन बसतात आणि तिथेही तेच होतं. होणारच, कारण तुमच्या फाइली त्या मशीनमध्ये नसतात. होम फोल्डर सर्व्हरवर असतो आणि एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटणारी व्यवस्था) लॅबमधल्या सगळ्या मशीनवर तोच दिसतो. त्याला ठरावीक क्वोटा, म्हणजे जागेची मर्यादा असते. ती भरली की डेस्कटॉप सुरू होताना लागणाऱ्या छोट्या फाइलीसुद्धा लिहिता येत नाहीत, आणि सेशन उघडताक्षणी मरतं.

उपाय टेक्स्ट लॉगिनमधून करायचा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३, नाव, पासवर्ड. मग ‘क्वोटा डॅश एस’ टाकून किती वापरलंय ते बघा. कुठे गेलं हे शोधायला ‘डीयू डॅश एचडी१’, मग पाइपचं चिन्ह (उभी रेघ), मग ‘सॉर्ट डॅश एच’. शेवटच्या ओळीत एकूण बेरीज येते आणि तिच्या लगेच वर सगळ्यात मोठा फोल्डर. इथे डीयूला तारांकन देऊ नका. तारांकनात डॉटने सुरू होणारे लपलेले फोल्डर येत नाहीत आणि खरा चोर तिथेच असतो. नेहमीचे संशयित: डॉट कॅश, डॉट व्हीएसकोड-सर्व्हर, मिनीकोंडा, आणि डॉट लोकल, मग शेअर, मग ट्रॅश. हा शेवटचा म्हणजे फाइल मॅनेजरमधून ‘डिलीट’ केलेल्या फाइलींची कचरापेटी. ती रिकामी होईपर्यंत क्वोटा मोकळा होत नाही. डॉट कॅश बिनधास्त उडवा. पायथनच्या पिपने उतरवलेल्या पॅकेजसाठी ‘पिप कॅश पर्ज’ आहे. थोडी जागा झाली की ‘एक्झिट’ करून कंट्रोल-ऑल्ट-एफ१ने लॉगिन स्क्रीनवर या.

सगळीकडे एकच होम असल्याचा आणखी एक परिणाम. कालच्या मशीनवर फायरफॉक्स उघडा राहिला आणि आज दुसऱ्या मशीनवर बसलात, तर ‘आधीच चालू आहे’ म्हणून तो अडून बसतो. क्रोम म्हणतो, प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. आधी एसएसएचने जुन्या मशीनवर जाऊन तिथला ब्राउझर बंद करा. प्रोफाइलमधली लॉक फाइल हाताने उडवायची ती त्यानंतरच, नाहीतर दोन ब्राउझर एकाच प्रोफाइलमध्ये लिहून ते बिघडवतात.

आणि एखादी फाइल पुसायला गेलात की ‘डिव्हाइस बिझी’ म्हणतो, नाव डॉट एनएफएसने सुरू होतं आणि पुढे आकड्यांची माळ? ती पुसलेलीच फाइल आहे. कुठलातरी प्रोग्रॅम ती अजून उघडी धरून बसलाय. तो प्रोग्रॅम बंद केला की ती आपोआप जाते.

विंडोज लॅबचं गणित उलटं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं: मशीन रीस्टार्ट झालं की सी ड्राइव्ह सकाळी होता तसा. डेस्कटॉपवर सेव्ह केलेलं जर्नल गेलं म्हणजे गेलं. सेव्ह नेटवर्क ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर करा. पेनड्राइव्ह घरी लावल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर डबल-क्लिक करू नका. फोल्डर बहुतेकदा पुसलेले नसतात, लपवलेले असतात. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह साफ करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पेनड्राइव्हच्या अक्षरावर जाऊन ‘अ‍ॅट्रिब डॅश एच डॅश आर डॅश एस’, पुढे तारांकन, डॉट, तारांकन, मग ‘स्लॅश एस स्लॅश डी’. फोल्डर परत दिसतात.

उठताना लिनक्सवर सुपर आणि एल, विंडोजवर विंडोज आणि एल दाबून लॉक करा, पण ते चहापुरतं. प्रॅक्टिकलच्या वेळात लॉक केलेलं मशीन म्हणजे बसवर टाकलेला रुमाल. जाताना लॉगआउट, आणि त्याआधी जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर. व्हॉट्सअ‍ॅपचं विसरलात तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून काढता येतं. नेटवर्कची केबल काढून लॅपटॉपला लावायचा मोह टाळा. पुष्कळदा तो पोर्ट त्याच मशीनला बांधलेला असतो, त्यामुळे लॅपटॉपला नेट मिळत नाही, आणि केबल निघताच होम फोल्डर गायब होऊन मशीनवरचे सगळे जण गोठतात.

कोण कोण आहे ते बघून मगच मोठं काम

काम सुरू करण्याआधी नुसतं ‘डब्ल्यू’ टाइप करून एंटर दाबा. कोण आत आहे, कुठून आलंय, किती वेळ गप्प आहे आणि काय चालवतंय, एका नजरेत दिसतं. पहिल्या ओळीच्या शेवटी लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे असतात, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत होती: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत. ‘एनप्रॉक’ टाकून मशीनचे कोअर किती ते बघा. ८ कोअर आणि लोड २ असेल तर खुशाल बसा. लोड ११ असेल तर दुसरं मशीन बघा.

याच यादीत तुमचाही प्रोग्रॅम दिसतो, त्याच्या पूर्ण कमांडसकट. म्हणून डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची की कमांडच्या ओळीत कधी लिहू नका. फाइलमध्ये ठेवा आणि तिला ‘सीएचमॉड ६००’ द्या, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येते. असाइनमेंटचा फोल्डर ७०० करा. मित्राने कॉपी केली तर सर दोघांनाही शून्य देतात.

लांबलचक काम ‘नाइस डॅश एन १९’ लावून सुरू करा. कमांडच्या आधी एवढंच लिहायचं. मशीन मोकळं असेल तर तुमचं काम पूर्ण वेगाने चालतं, कोणी आलं की आपोआप मागे सरतं. आधीच सुरू केलं असेल तर ‘रीनाइस डॅश एन १९ डॅश पी’ आणि प्रोसेसचा नंबर. एकदा खाली उतरवलेलं काम सहसा स्वतःला वर चढवता येत नाही. प्रोग्रॅम कंपाइल करून देणाऱ्या ‘मेक’ला ‘डॅश जे’ देताना पुढे आकडा द्याच. आकड्याशिवाय तो जमतील तितके कंपायलर एकदम सोडतो आणि समोर बसलेल्याचा माऊससुद्धा हलत नाही.

मेमरीच्या बाबतीत मात्र नाइस उपयोगाचं नाही. ‘फ्री डॅश एच’मध्ये ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा, ‘फ्री’चा नाही, लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतो, त्यामुळे फ्री नेहमी कमीच दिसतं. मेमरी पुरती संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला मारतो. ती तुमचीच असेल असं नाही.

ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (कार्ड कोण किती वापरतंय ते दाखवणारी कमांड) चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्डं दोन असतील आणि ०वर कोणी असेल, तर ‘कूडा अंडरस्कोअर व्हिजिबल अंडरस्कोअर डिव्हायसेस’ हे व्हेरिएबल, सगळं कॅपिटल, बरोबरचं चिन्ह देऊन १ करा. मशीन लर्निंगचं टेन्सरफ्लो सांगितलं नाही तर कार्डाची जवळपास सगळी मेमरी आधीच अडवून ठेवतो, काम छोटं असलं तरी. त्याला मेमरी ग्रोथचा पर्याय चालू करायला लागतो. कार्ड शून्य टक्के चालतंय आणि मेमरी मात्र भरलेली, असं दिसलं तर बहुतेक कोणाच्या ज्युपिटरची (ब्राउझरमध्ये पायथन चालवायचं साधन) नोटबुक मागे राहिलेली असते. तुमची असेल तर ‘किल’ करा. दुसऱ्याची असेल तर त्याला मेसेज टाका.

घरून

लॅबच्या मशीनचा पत्ता १०ने, १९२.१६८ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ने सुरू होत असेल, तर तो कॅम्पसच्या आतला खासगी पत्ता आहे. बाहेरून त्याला थेट हाक मारता येत नाही. वाटा दोन: कॉलेजचं व्हीपीएन (तुमचा लॅपटॉप कॅम्पसच्या नेटवर्कमध्ये घेणारी जोडणी), किंवा बाहेरून दिसणारं एक गेटवे मशीन. तुमच्याकडे कोणती आहे ते लॅबच्या नोटीस बोर्डावर नाहीतर सिस्टिम अ‍ॅडमिनकडे कळेल. तिसरी वाट, म्हणजे लॅबच्या मशीनवर एनीडेस्क टाकणं किंवा बाहेर बोगदा काढणं, धरू नका. कॉलेजच्या फायरवॉलला पाडलेलं ते भोक असतं आणि पकडलं गेल्यावर अकाउंट जातं.

त्याच फेरीत आणखी एक विचारून घ्या: रात्री कोणती मशीन चालू असतात? पुष्कळ लॅबमध्ये संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली येतो. तेव्हा व्हीपीएन, पासवर्ड, सगळं बरोबर असूनही काही लागत नाही.

एसएसएच लिनक्स आणि मॅकमध्ये असतंच. विंडोज १०च्या २०१८पासूनच्या आवृत्त्यांमध्येही. पॉवरशेलमध्ये ‘एसएसएच’, स्पेस, तुमचं लॉगिन नाव, अ‍ॅट, मशीनचं नाव. पहिल्यांदा मशीनचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची माळ) दाखवून ‘येस’ विचारतो. तो लॅबने दिलेल्याशी ताडून बघा. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्याच तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणी ऐकत असेल हे त्यात पहिल्यापासून धरलेलं आहे. पुढे कधी फिंगरप्रिंट बदलल्याचा मोठा इशारा आला, तर बहुतेक वेळा मशीन नव्याने इन्स्टॉल झालेलं असतं, पण विचारून खात्री करा आणि मगच ‘एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल आर’ आणि मशीनचं नाव देऊन जुनी नोंद काढा.

गेटवेमधून जायचं तर ‘एसएसएच डॅश कॅपिटल जे’, गेटवेचा पत्ता, मग लॅबच्या मशीनचा पत्ता. आधी गेटवेवर लॉगिन करून तिथून पुन्हा एसएसएच करण्यापेक्षा हे बरं, कारण तुमची की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी फाइल, ती पुढे येते) लॅपटॉपमध्येच राहते. गेटवेवर काम चालवू नका. ती सगळ्यांची जिन्याची जागा आहे.

लागत नसेल तर निरोप नीट वाचा, त्यातच उत्तर असतं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुमची हाक तिथवर पोचलीच नाही: व्हीपीएन जोडलं नाही, मशीन बंद आहे, किंवा तुमच्या नेटने २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचं दार, अडवलाय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा, शेवटचं कारण लगेच कळतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन आहे, पण एसएसएचची सेवा चालू नाही, किंवा पत्ता चुकलाय. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारापर्यंत पोचलात, नाव, पासवर्ड किंवा की चुकली. इथे पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकलात तर तुमचा पत्ताच काही काळ बंद केला जातो आणि निरोप बदलून टाइम्ड आउट किंवा रिफ्यूज्ड होतो.

कीने लॉगिन करायचं तर लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन डॅश टी ईडी२५५१९’ चालवा आणि पासफ्रेज द्या. डॉट पबने संपणारी फाइल, फक्त तीच, लॅबच्या होममध्ये डॉट एसएसएच फोल्डरातल्या ‘ऑथोराइझ्ड अंडरस्कोअर कीज’ या फाइलीत नव्या ओळीवर टाका. होम एकच असल्याने हे एकदा केलं की सगळ्या मशीनवर चालतं. तरीही पासवर्डच विचारत असेल तर दहापैकी नऊ वेळा परवानग्या सैल असतात. फोल्डर ७००, फाइल ६००, आणि होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची परवानगी नको: ‘सीएचमॉड जीओ-डब्ल्यू’, स्पेस, टिल्ड (~). ग्रुपचं काम करताना मित्राला होम उघडून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून की चालेना, त्याचं कारण हेच.

आता सगळ्यात कामाची गोष्ट: टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम. घरचं नेट गेलं, वीज गेली, लॅपटॉपचं झाकण मिटलं, की एसएसएच तुटतं आणि त्यात चाललेला प्रोग्रॅमही सहसा जातो. आत गेल्याबरोबर ‘टीमक्स न्यू डॅश एस प्रोजेक्ट’ करा, त्यात काम सुरू करा. बाहेर पडायचं तर कंट्रोल-बी दाबून सोडा, मग डी. काम चालू राहतं. परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच डॅश टी प्रोजेक्ट’.

‘सेशन नाही’ म्हणाला तर घाबरू नका. टीमक्स त्या एका मशीनवर असतं, होमसारखं सगळीकडे नाही. लॅबचा एकच सामायिक पत्ता असेल तर तो दर वेळी वेगळ्या मशीनवर नेऊन सोडू शकतो. म्हणून काम सुरू करताना ‘होस्टनेम’ टाकून मशीनचं नाव लिहून ठेवा. काही लॅबमध्ये लॉगआउट होताच मागे राहिलेल्या प्रोसेस मारायची सेटिंग असते. तुमच्याकडे आहे का हे बघायला टीमक्समध्ये ‘स्लीप ६००’ लावा, पूर्ण लॉगआउट करा, दोन मिनिटांनी परत या. स्लीप गेली असेल तर रात्रभराचं काम त्या मशीनवर लावू नका. आणि मशीनच बंद पडलं तर टीमक्सही वाचवत नाही, म्हणून ट्रेनिंगचा चेकपॉइंट (तोवरचं काम सेव्ह केलेली फाइल) अर्ध्या तासाने तरी लिहा. देखभालीसाठी वीज जायच्या दिवशी हे कळतं.

टर्मिनल गोठलं, कंट्रोल-सी पण घेत नाही? एंटर, मग टिल्ड, मग डॉट. एसएसएच जागच्या जागी तुटतं. हे वारंवार होत असेल तर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत ‘सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल’ (तिन्ही शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल) ६० करा.

ज्युपिटर घरच्या ब्राउझरमध्ये हवा असेल तर तो लॅबच्या मशीनवर ब्राउझरशिवाय सुरू करा आणि ८८८८ऐवजी २३४१७सारखा कोणताही आडवा पोर्ट द्या, कारण ८८८८वर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. लॅपटॉपवरून ‘एसएसएच डॅश कॅपिटल एल’, मग २३४१७, कोलन, लोकलहोस्ट, कोलन, २३४१७, आणि मशीनचा पत्ता. सेतू तयार. ज्युपिटरला ०.०.०.०वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला लावायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. मग तुमच्या आणि कॅम्पसमधल्या इतरांच्या मध्ये फक्त ज्युपिटरचा टोकन (पासवर्डसारखी अक्षरांची माळ) उरतो.

मराठी मजकुराच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर ‘लोकेल’ टाकून यूटीएफ-८ (देवनागरी दाखवू शकणारं एन्कोडिंग) आहे का बघा. विंडोजवर एसएसएचसाठी पुटी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याच्या ‘ट्रान्सलेशन’मध्येही यूटीएफ-८ हवं. ते करूनही जोडाक्षरांशी टर्मिनलचं फार पटत नाही, कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पडतं. मराठी फाइल लॅपटॉपवर सुधारून वर पाठवलेली बरी.

विंडोज मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जात असाल तर एक लक्षात घ्या: विंडोज १० किंवा ११ प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. तुम्ही घरून शिरलात की समोर बसलेल्याच्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी येते, आणि तो जागेवर नसेल तर अर्ध्या मिनिटात तो बाहेर. ‘दुसरं कोणी आत आहे’ असा इशारा आला तर मागे फिरा. काम झाल्यावर खिडकीच्या फुलीवर थांबू नका. फुलीने फक्त जोडणी तुटते, सेशन आत तसंच राहतं. स्टार्टमधून साइन आउट करा.

शेवटच्या सेमिस्टरला अकाउंट बंद व्हायच्या आधी सगळं उतरवून घ्यायचं असतं, आणि नेमका तेव्हाच क्वोटा भरलेला असल्यामुळे झिप बनवायला जागा नसते. झिप तिकडे बनवूच नका. लॅपटॉपवरून ‘एसएसएच’, मशीनचा पत्ता, मग ‘टार सीझेडएफ’, एक सुटा डॅश, फोल्डरचं नाव, आणि मग मोठेपणाचं चिन्ह (>) देऊन लॅपटॉपवरच्या फाइलीचं नाव. गठ्ठा थेट तुमच्याकडे बनतो. विंडोजवर हे जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करा, नेहमीच्या पॉवरशेलमध्ये नाही, पॉवरशेल ५.१ मोठेपणाच्या चिन्हातून जाणारा मजकूर अक्षरं समजून बदलतो आणि फाइल कामातून जाते. उतरल्यावर ‘टार टीझेडएफ’ने यादी पूर्ण वाचता येते का बघा, आणि मगच लॅबमधलं होम रिकामं करा.